पावसाळ्यात उडताना कार्ब हीट कधी ओढायची

बाहेर 25 अंश, शर्ट पाठीला चिकटलेला, आणि मी म्हणते इंजिनात बर्फ धरलाय. विमान शिकायला आलेली नवी पोरं हसतात. कार्ब हीट म्हणजे कार्बोरेटरमध्ये गरम हवा सोडणारा नॉब: ओढला की चालू, आत ढकलला की बंद.

लग्नाच्या मांडवामागे जाऊन बघा. आचाऱ्याची शेगडी तासभर फुल्ल चालली की सिलिंडरवर खालून पांढरा थर चढतो. द्रव गॅसची वाफ होताना उष्णता शोषली जाते, म्हणून. कार्बोरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल हवेत मिसळतं तिथे, पेट्रोलचं तेच होतं. शिवाय अरुंद गळ्यातून जाताना हवाही गार होते. तापमान सहज वीस-तीस अंश उतरतं आणि हवेतला ओलावा थ्रॉटलच्या, म्हणजे इंजिनाची हवा कमी-जास्त करणाऱ्या, चकतीवर गोठतो. थ्रॉटल मागे घेतला की फट आणखी बारीक, म्हणून उतरताना धोका जास्त. दवबिंदू म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या ओलाव्याचं पाणी होतं ते; तो तापमानाच्या जितका जवळ, तितकी हवा ओली. तापमान 25 आणि दवबिंदू 21 असेल, तर मी मान्सूनचं कौतुक करत बसत नाही.

सेस्ना 152 वर एक विद्यार्थी डाउनविंडला, म्हणजे उतरण्याआधी धावपट्टीला समांतर उलट दिशेने, उडत होता. इंजिनाचे मिनिटाचे फेरे, म्हणजे आरपीएम, 2300 चे 2200 झाले. त्याने थ्रॉटल किंचित पुढे ढकलला. पुन्हा पडले, पुन्हा ढकलला. तिसऱ्यांदा मी विचारलं, "काय चाललंय?"

"काही नाही मॅम, आरपीएम जरा पडतोय."

त्याला कार्ब हीट पूर्ण ओढायला लावली. इंजिन खोकलं, थरथरलं, आरपीएम आणखी घसरला. घाबरून तो नॉब परत आत ढकलायला निघाला. मी त्याच्या हातावर हात ठेवला. वितळलेलं पाणी इंजिनातून जात असतं, तेव्हा असंच होतं. पंधरा-वीस सेकंदांत आवाज मोकळा झाला. नेमक्या याच क्षणी लोक नॉब आत ढकलतात आणि मग शेतात उतरतात.

रन-अपला, म्हणजे उड्डाणाआधी इंजिन तपासताना, 1700 आरपीएमवर कार्ब हीट ओढा. गरम हवा विरळ, त्यामुळे आरपीएम थोडा पडायलाच हवा. नाही पडला तर विमान हँगरला परत. पडून पुन्हा चढला, तर जमिनीवरच बर्फ धरला होता असं समजा. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, मात्र नको, ही हवा फिल्टरमधून येत नाही, धूळ थेट आत जाते. उतरताना आधी कार्ब हीट, मग थ्रॉटल मागे. लांब ग्लाइडमध्ये, म्हणजे थ्रॉटल मागे घेऊन तरंगत उतरताना, अधूनमधून पॉवर द्या. गो-अराउंडला, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जाताना, थ्रॉटल पूर्ण पुढे, कार्ब हीट आत.

अर्धवट ओढू नका. कोरड्या थंडीत जे हिमकण एरवी न चिकटता निघून गेले असते, त्यांना अर्धवट ऊब चिकटायला मदत करते.

आणि उशीर नको. ही ऊब सायलेन्सरभोवतीच्या आवरणातून येते. इंजिन बंद पडलं की तीही गेली. पुरावाही वितळतो. चौकशी करणारे पोचेपर्यंत कार्बोरेटर कोरडा असतो आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं.

सेस्ना 172 एस वरून आलेल्यांकडे मी जास्त लक्ष ठेवते. तिथे फ्युएल इंजेक्शन, कार्ब हीटचा नॉबच नाही. पहिले काही दिवस मी त्यांना इंजिन बंद असताना, डोळे मिटून तो नॉब शोधायला लावते.