जुन्या हॉलीवुड बोलपटांतील खास चित्रपटासाठी रचलेली गाणी कशी ओळखावीत

संगीत नाटकांची जुनी पुस्तके ज्यांनी हाताळली आहेत, त्यांना पदाच्या डोक्यावर बारीक अक्षरांत छापलेली ‘चाल’ची ओळ, म्हणजे ते पद कोणत्या आधीच्या गाण्याच्या सुरावर बेतले आहे याची नोंद, आठवत असेल. गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी कानडी चालींवरही पदे रचली आणि त्यात आपल्या भागात कोणाला काही वावगे वाटले नाही. आमच्या खानापूरच्या आजोळी असलेल्या एका प्रतीत तर त्या ओळीशेजारी कोणीतरी पेन्सिलीने मूळ कानडी गाण्याचा मुखडा लिहून ठेवला आहे. हॉलीवुडच्या आरंभीच्या बोलपटांतील कोणते गाणे चित्रपटासाठीच रचले गेले आणि कोणते बाहेरून आणले गेले, हे ठरवण्यासाठी हीच सवय उपयोगी पडते.

त्यासाठी एका वहीत चार रकाने आखावेत: गाणे, बोलपट व त्याच्या प्रदर्शनाचे वर्ष, गाणे प्रथम छापले गेले ते वर्ष, आणि शेवटी ‘चाल’, म्हणजे मूळ ठिकाण. तिसरा रकाना भरणे वाटते तितके अवघड नाही. अमेरिकेत त्या काळी लोकप्रिय गाणी स्वरलिपीसह छापून विकली जात आणि पहिल्या पानाच्या तळाशी हक्कनोंदणीचे वर्ष असे. अनेक अमेरिकी ग्रंथालयांनी अशा प्रती संगणकावर खुल्या केल्या आहेत.

आरंभ ‘द जॅझ सिंगर’पासून करावा. हा चित्रपट ऑक्टोबर १९२७ मध्ये आला. पण गायक-नट अल जोल्सनने त्यात गायिलेले ‘ब्लू स्काईज’ हे अर्व्हिंग बर्लिनचे गाणे १९२६ च्या एका रंगमंचीय प्रयोगातले, तर ‘टूट टूट टूट्सी’ १९२२ चे. आईला उद्देशून असलेले एखादे गाणे सोडले, तर वहीचा चौथा रकाना रंगभूमीच्याच नावांनी भरतो. पुढच्याच वर्षी आलेल्या ‘द सिंगिंग फूल’मधील ‘सनी बॉय’ मात्र डीसिल्वा, ब्राऊन आणि हेंडरसन या त्रयीने त्या चित्रपटासाठी रचले. ते अफाट खपले आणि चित्रपटाचे गाणे स्वतंत्रपणे पैसा मिळवू शकते, हे निर्मात्यांना दिसून आले.

या ठिकाणी एक पान हिशेबासाठी राखून ठेवावे, कारण बाहेरची गाणी आणण्याऐवजी चित्रपटासाठीच गाणी रचून घेण्याच्या या बदलाचे खरे कारण माझ्या मते कलेपेक्षा हिशेबातच सापडते. दुसऱ्याचे गाणे वापरायचे तर त्याच्या प्रकाशकाला पैसे द्यावे लागत. आपल्या पगारी गीतकाराकडून लिहून घेतले, तर छापील प्रती आणि तबकड्यांचे उत्पन्नही घरातच राहते. वॉर्नर या चित्रपट कंपनीने १९२९ मध्ये विटमार्कसारख्या जुन्या संगीत प्रकाशन संस्था विकत घेतल्या, त्या याच गणिताने. त्याच वर्षी एमजीएम या चित्रपट कंपनीच्या ‘द ब्रॉडवे मेलडी’साठी गीतकार आर्थर फ्रीड आणि संगीतकार नॅसिओ हर्ब ब्राऊन यांनी ‘यू वेअर मेन्ट फॉर मी’ आणि इतर नवी गाणी दिली. तरीही रंगभूमीवरच्या जॉर्ज कोहॅनचे १९०४ चे एक गाणे त्यात आहेच. म्हणून नोंद चित्रपटागणिक न करता गाण्यागणिक करावी.

दोन ठिकाणी हमखास फसायला होते. ‘सिंगिंग इन द रेन’ हे गाणे बहुतेकांना १९५२ च्या, पावसात छत्री फिरवणाऱ्या नायकाच्या चित्रपटातले वाटते. प्रत्यक्षात ते ‘हॉलीवुड रेव्ह्यू ऑफ १९२९’ मधून आले, आणि १९५२ च्या त्या चित्रपटातील बहुतेक गाणी फ्रीड-ब्राऊन जोडीची जुनीच आहेत. दुसरी फसगत मूकपटांची. ‘शार्मेन’ हे गाणे ‘व्हॉट प्राइस ग्लोरी’ या १९२६ च्या मूकपटाशी जोडले गेले, पण पडद्यावर ते कोणाच्या तोंडी असणे शक्य नव्हते. चित्रपटाच्या प्रसिद्धीसाठी जोडलेल्या अशा गाण्यांसाठी ‘जाहिरातीचे’ असा वेगळा शेरा लिहावा.

१९३० च्या सुमारास संगीतपटांचा इतका मारा झाला की प्रेक्षक विटले. ती पाने भराभर उलटावीत आणि १९३३ च्या ‘फोर्टी-सेकंड स्ट्रीट’पाशी, संगीतकार हॅरी वॉरन आणि गीतकार अल डुबिन यांच्या गाण्यांवर थांबावे. पुढे १९३४ च्या चित्रपटांपासून गाण्यासाठी ऑस्कर सुरू झाले आणि पहिले ‘द कॉन्टिनेंटल’ला मिळाले.

शेवटची नोंद १९४१ ची करावी. त्या वर्षीचे पारितोषिक ‘द लास्ट टाइम आय सॉ पॅरिस’ला मिळाले, परंतु ते गाणे चित्रपटासाठी लिहिलेलेच नव्हते. खुद्द संगीतकार जेरोम कर्न यांना ते खटकले, आणि त्यानंतर गाणे चित्रपटासाठीच रचलेले असले पाहिजे, असा नियम करण्यात आला.