लाकडी फरशीवर स्पीकर: खाली चादर, वर कडप्पा

सोलापुरात बहुतेकांच्या पायाखाली शहाबादी असते. तिच्यावर स्पीकर आपटला तर नुकसान स्पीकरचंच. पण जुळे सोलापूरकडच्या फ्लॅटमध्ये आता लॅमिनेट दिसतं आणि पेठांतल्या एखाद्या जुन्या घरात सागवानी माडी अजून टिकून आहे. अशा फरशीवर उभे टॉवर स्पीकर लावायचे असतील, तर खोक्यातले टोकदार खिळे, म्हणजे स्पाइक, लगेच बसवू नका.

साधा हिशेब बघा. स्पीकर वीस किलोचा, स्पाइक चार, म्हणजे एकेका टोकावर पाच किलो. टोक एक चौरस मिलिमीटरचं धरलं तर दाब होतो चौरस सेंटिमीटरला पाचशे किलो! त्याच स्पाइकखाली अडीच सेंटिमीटर व्यासाची धातूची चकती ठेवली की तो एक किलोवर येतो. एवढ्यावरही काम भागतं, फक्त चकतीच्या तळाला नमदा चिकटवलेला हवा.

मी मात्र कडप्प्याच्या बाजूचा. फरशीवाल्याकडून इंचभर जाडीचे दोन तुकडे कापून घ्या, स्पीकरच्या तळापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठे, आणि कडा घासून घ्या. चौरस फुटाला साधारण सहा किलो वजन भरतं, त्यामुळे स्पीकर डुलत नाही. स्पाइक खुशाल या दगडावर टेकवा. दगडाखाली जुनी, भरपूर धुतलेली सोलापुरी चादर दुहेरी घडी करून घाला. नवी नको, पुसायचं पाणी लागलं तर कच्चा रंग लाकडात उतरायचा. टर्किश टॉवेलही नको. तो दबतो आणि उंच स्पीकर झुलतो. घडी दगडाच्या आत अर्धा इंच ठेवा, म्हणजे ओल शोषणार नाही आणि दिसणारही नाही.

रबराच्या गोळ्या? मी लावल्या होत्या. दिवाळीच्या साफसफाईत स्पीकर हलवला, तर सागवानाच्या पॉलिशवर चार तपकिरी वर्तुळं. रबरातली रसायनं पॉलिशमध्ये झिरपतात आणि असा डाग पुसून जात नाही. सागवान निदान घासून पुन्हा पॉलिश करता येतं. लॅमिनेट म्हणजे दाबलेल्या लाकूडतंतूंच्या पाटीवर लाकडाचा छापील कागद आणि वर पारदर्शक थर. ते खरवडलं की पट्टीच बदलावी लागते.

आता जागा. दोन स्पीकरमध्ये जेवढं अंतर, तेवढंच प्रत्येकापासून तुमच्या बैठकीपर्यंत; सात फूट चांगलं. मागच्या भिंतीपासून दीड-दोन फूट सोडा, नाहीतर बास घुमतो. माडी असेल तर आधी टाच आपटून फिरा. जिथे कपाटातली भांडी वाजतात ती जागा टाळा, तुळईच्या टोकाकडे, भिंतीलगतच्या भागात दणका कमी बसतो. जागा नक्की होईपर्यंत स्पाइक लावूच नका. स्पीकर सपाट तळावर, चादरीच्या घडीवर ठेवून गाणी ऐका, कंटाळा येईपर्यंत इकडेतिकडे सरकवा.

फरशी खरी बिघडते ती या सरकवण्यातच. आधी झाडून घ्या, कारण घडीखाली अडकलेला एक खडाही लांबलचक ओरखडा काढतो. मग एकाने स्पीकर किंचित कलता धरायचा, दुसऱ्याने तळाशी घडी सारायची आणि खालच्या बाजूला धरून हळू ओढायचं. वरून ढकललं की टॉवर कलंडतो. दगड मात्र दोघांनी उचलूनच न्यायचा.

वायर चिकटपट्टीने फरशीला डकवू नका, काढताना पॉलिश सोबत येतं. ती स्कर्टिंगलगत फिरवा.

उन्हाळ्यात कूलरपासून स्पीकर लांब ठेवा. त्याचं गळतं पाणी चादरीखाली गेलं तर लॅमिनेटचे सांधे फुगतात. महिन्यातून एकदा दगड उचलून खाली हात फिरवा. गार-ओलसर लागलं तर घडी उन्हात टाका आणि फरशी पूर्ण सुकल्यावरच पुन्हा अंथरा.