नाशिकला नव्यानं आलात? लेकराच्या लसींचं आधी बघा

धुळे-नंदुरबारहून, मराठवाड्यातून, विदर्भातून सातपूर-अंबडच्या कंपन्यांत, नाहीतर बांधकामाच्या साइटवर कामाला आलेल्या कुटुंबांचं पहिलं महिनाभर खोली, गॅस आणि पोरांची शाळा यातच जातं. लसीची तारीख त्यात हुकते. वर 'आपलं आधार गावाकडचं, इथं कोण लस देईल' ही धास्ती असतेच. ती काढून टाका. सरकारी लस पत्ता बघून नाही, वय बघून देतात. भाडेकरार लागत नाही, रेशनकार्ड लागत नाही, पैसेही पडत नाहीत. आधार आणि मोबाइल जवळ असला की यू-विनवर, म्हणजे लसींच्या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत, नोंद पटकन होते, म्हणून न्यायचं, एवढंच.

खरा कागद म्हणजे माता-बाल संरक्षण कार्ड. ते गावी पेटीत राहिलं असेल तर आजच कुणाला तरी फोन करून प्रत्येक पानाचा फोटो मागवा, तारखा वाचता येतील असा. कार्ड हरवलंच असेल तर गावच्या आशाताईंना किंवा सिस्टरना विचारा; त्यांच्याकडे नोंद असते. 'सगळे डोस झालेत' हे तोंडी सांगणं कामाचं नाही. कोणती लस कधी दिली हे कळलं नाही तर सिस्टरला पुढचा डोस ठरवता येत नाही.

जायचं कुठं? महापालिकेचे सहा विभाग आहेत: पूर्व, पश्चिम, पंचवटी, नाशिक रोड, सिडको, सातपूर. आपल्या भागाचं शहरी आरोग्य केंद्र शोधायचा सोपा मार्ग म्हणजे जवळची अंगणवाडी. तिथल्या ताई केंद्र सांगतात, लसीकरणाचा वारही सांगतात. मोठ्या दवाखान्यांत नाशिक रोडला बिटको, काठे गल्लीकडे झाकिर हुसेन, पंचवटीत इंदिरा गांधी रुग्णालय आणि त्र्यंबक रोडला सिव्हिल, म्हणजे सरकारी जिल्हा रुग्णालय. सिव्हिलमध्ये 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर आणि तपासण्या मोफत आहेत. तो निर्णय राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांपुरता आहे. महापालिकेच्या दवाखान्यात केसपेपरचे थोडे पैसे मागितले तर वाद घालू नका. लस मात्र दोन्हीकडे फुकट.

वार विचारूनच जा. बीसीजी (क्षयाची लस) आणि गोवर-रुबेलाची लस पूड असते. ती द्रावणात मिसळली की चार तासांत संपवावी लागते, उरली तर फेकावी लागते. एका बाटलीत बरेच डोस असतात, म्हणून बाळं जमवून ठरलेल्या दिवशी ती फोडतात. दुपारी उशिरा गेलात आणि 'आता बाटली फोडत नाही' असं ऐकलंत, तर त्यामागं हे कारण असतं. सकाळीच जा. शिफ्ट आड येत असेल तर आजी, काकू कुणीही बाळाला नेलं तरी चालतं, कार्ड तेवढं हातात द्या.

उशीर झाला तर काय, हा प्रश्न सगळ्यांनाच पडतो. राहिलेला कोर्स पहिल्यापासून सुरू करत नाहीत, जिथं थांबला तिथून पुढं नेतात. गावी सहाव्या आठवड्याचा पेंटा (पाच आजारांची एकच लस) झाला आणि बाळ आता सात महिन्यांचं आहे, तर दुसरा आज, तिसरा चार आठवड्यांनी. काही लसींना मात्र वयाची अट आहे. बीसीजी वर्षाच्या आतच. पेंटाचा पहिला डोसही वर्षाच्या आत सुरू व्हायला हवा. गोवर-रुबेला नवव्या महिन्यात आणि मग 16 ते 24 महिन्यांत. हुकलीच तर पाच वर्षांपर्यंत देतात. पाचव्या वर्षीचा डीपीटी (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात) बूस्टर आणि 10 व 16 व्या वर्षीचा टीडी (धनुर्वात-घटसर्प), हे तीन डोस सगळ्यांत जास्त विसरले जातात. साधी सर्दी-पडसं असेल तरी लस देता येते. जोराचा ताप असेल तर मात्र सिस्टरना आधी सांगा.

लस दिल्यावर अर्धा तास तिथंच बसायचं. रिक्षा थांबलीय म्हणून उठू नका. क्वचित येणारी जोराची ॲलर्जी याच वेळात दिसते. पेंटानंतर ताप आणि मांडीला सूज येते. तापाचं औषध वजनाप्रमाणे किती द्यायचं ते तिथंच विचारून घ्या. सुजेवर गार पाण्याची पट्टी ठेवा. शेक नको, चोळणंही नको. बीसीजीची जागा काही आठवड्यांनी फुगून पिकते. ती आपोआप सुकते. हळद, मलम काही लावू नका.

घरात कुणाला दिवस गेले असतील तर 12 आठवड्यांच्या आत नाव नोंदवा. गावी नोंद झाली असेल तर तोच आरसीएच नंबर (गरोदरपणाच्या सरकारी नोंदीचा क्रमांक) इथं दाखवा, नवीन काढायचा नाही. टीडीचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतरानं. मागच्या तीन वर्षांत बाळंतपणासाठी दोन्ही घेतले असतील तर एकच बूस्टर. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी डॉक्टर करतात.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं 15 मिनिटं धुवा. तिखट-चुना भरू नका, घट्ट बांधू नका, आणि त्याच दिवशी सिव्हिल किंवा महापालिकेचं मोठं रुग्णालय गाठा. कातडीत घ्यायच्या लसीचे दिवस 0, 3, 7 आणि 28. रक्त आलं असेल तर जखमेत सिरमही (रेबीजविरुद्ध लगेच काम करणारं इंजेक्शन) भरावं लागतं, ते मागून घ्या. तिसऱ्या डोसनंतर बरं वाटतं म्हणून 28 वा दिवस सोडणारे पुष्कळ, तो सोडू नका.

गालगुंड, कांजिण्या, फ्लूच्या लसी सरकारी यादीत नाहीत. खासगी बालरोगतज्ज्ञाकडे जाणार असाल तर किंमत आधी फोनवर विचारा आणि तिथली नोंदही याच कार्डावर करून घ्या. दिवाळीला गावी जाताना कार्ड सोबत न्या. डोसची तारीख त्याच दिवसांत येत असेल तर तो गावच्या उपकेंद्रात घेता येतो.