मुंबईत फॅमिलीसाठी परवडणारं आणि मजेचं हॉटेल कसं निवडायचं

मुंबई बघायला यायचं ठरलं की बहुतेक जण पहिलं काम काय करतात, तर मोबाईलवर बुकिंगचं ॲप उघडतात, सगळ्यात स्वस्त आधी दिसेल असं लावतात आणि वरच्या पाच-सहातलं जे फोटोत बरं दिसतं ते बुक करून टाकतात. मी मुंबईतच राहते, त्यामुळे मे महिना आणि दिवाळीची सुट्टी जवळ आली की सांगली, अकोला, नाशिक कुठून कुठून फोन सुरू होतात, "ताई, मीरा रोडला एकदम स्वस्तात मिळतंय गं, करू का बुक?" माझा प्रत्येकाला एकच उलटा प्रश्न असतो. दुपारी दोन वाजता तुम्ही कुठे असणार?

कारण मुंबईची ट्रिप दुपारी बिघडते. सकाळी साडेआठला बाहेर पडता, गेटवे होतं, म्युझियम होतं, दीड वाजता धाकटा कडेवर झोपलेला, आजींचे पाय भरून आलेले, घामाने सगळ्यांचे कपडे चिकटलेले. हॉटेल अर्ध्या तासावर असेल तर परत या, आंघोळ करा, दोन तास झोपा, आणि पाच वाजता सगळे ताजेतवाने होऊन चौपाटीवर. हॉटेल दीड तासावर असेल तर मग कुठल्या तरी मॉलच्या बाकड्यावर दुपार काढायची आणि मुलांची किरकिर ऐकत संध्याकाळ. म्हणून माझ्या मते फॅमिलीसाठी हॉटेल बघताना पहिली कसोटी हीच, दुपारी परत येता येतं का. बाकी सगळं त्याच्यानंतर.

१) आधी काय बघायचं ते लिहून काढा

हॉटेलच्या आधी कागदावर ठिकाणं लिहा आणि प्रत्येकासमोर वार लिहा, कारण मुंबईत बरंच काही आठवड्यातून एक दिवस बंद असतं. राणीची बाग बुधवारी बंद, घारापुरीची लेणी सोमवारी बंद, बोरिवलीचं नॅशनल पार्क आणि वरळीचं नेहरू तारांगणही सोमवारी बंद. सिद्धिविनायकाला मंगळवारी आणि संकष्टीला लहान मुलं घेऊन जायचं टाळता आलं तर टाळा. आणि रविवारी लोकलचा मेगाब्लॉक असतो (दुरुस्तीसाठी काही तास गाड्या बंद किंवा कमी), तो कुठल्या लाईनवर आहे हे एक-दोन दिवस आधी कळतं.

यादी झाली की मॅपवर खुणा करा. बहुतेकांच्या खुणा गेटवेपासून दादर-वरळीपर्यंतच्या पट्ट्यात येतात. गेटवे, म्युझियम, मरीन ड्राईव्ह, राणीच्या बागेतले पेंग्विन, तारांगण, सायन्स सेंटर, सिद्धिविनायक, हाजी अली, सगळं त्यातच. मग हॉटेलही त्या पट्ट्यात किंवा तिथे एका गाडीत थेट पोचता येईल अशा जागी हवं.

२) एरिया ठरवा, इथे घाई नको

फोर्ट, सीएसएमटी, कुलाबा: बघण्यासारखं सगळ्यात जास्त इथेच आणि बरंचसं चालत. मुलांना बेस्टच्या एसी डबल डेकर बसमध्ये वरच्या मजल्यावर पुढच्या सीटवर बसवायचं असेल तर तीही इथेच, आणि बसची मजा तिकिटाच्या मानाने कितीतरी मोठी असते. फोर्ट रविवारी ऑफिसं बंद असल्याने शांत असतं, रस्ते मोकळे. पण खोल्या लहान, भाडं जास्त, आणि इकडे रिक्षा नाहीत हे बाहेरगावच्या माणसांच्या लक्षातच येत नाही. रिक्षा वांद्रे आणि सायनच्या दक्षिणेला येत नाहीत, तिथून पुढे टॅक्सी नाहीतर बस.

दादर: मला विचाराल तर मराठी फॅमिलीसाठी हेच सगळ्यात सोयीचं. वेस्टर्न आणि सेंट्रल दोन्ही लाईनी इथे भेटतात, राणीच्या बागेसाठी स्लो लोकलने चौथं स्टेशन भायखळा, शिवाजी पार्क जवळ, सिद्धिविनायक जवळ, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाल्यापासून दादरहून सीएसएमटी, हुतात्मा चौक, चर्चगेट एसीत बसून जाता येतं, लोकलच्या गर्दीत मुलं सांभाळायची कटकट नाही. खाण्याचं तर काय सांगू, स्टेशनजवळ मामा काणेंचं मराठी उपाहारगृह १९१० पासून आहे, त्यामुळे आजींना 'आपलं' खायला कुठे मिळणार हा प्रश्नच मिटतो. फक्त स्टेशनच्या अगदी लगत पश्चिमेला घेऊ नका, फुलबाजार पहाटेच जागा होतो आणि हातगाड्या, हाका, टेम्पोचे हॉर्न थेट खोलीत येतात. आणि ६ डिसेंबरच्या आसपास चैत्यभूमीला लाखो लोक येतात, दर्शनालाच येत नसाल तर त्या दिवसांत मुक्काम दुसरीकडे करा.

ग्रँट रोड, मुंबई सेंट्रल: दक्षिण मुंबईच्या मानाने स्वस्त, एसटीने येणाऱ्यांना मुंबई सेंट्रल डेपो जवळ, गिरगाव चौपाटी जवळ. पण इथे गल्ली बघून घ्या. एक रस्ता छान घरगुती आणि मागचा रस्ता रात्री फॅमिली घेऊन फिरावंसं वाटणार नाही असा, हे इथे होतं. कोणी ओळखीचं मुंबईत असेल तर नुसतं हॉटेलचं नाव न सांगता रस्त्याचं नाव सांगून विचारा.

अंधेरी पूर्व, मरोळ, चकाला: मुलांना स्विमिंग पूल हवाच असेल तर बजेटमध्ये तो इकडेच सापडायची शक्यता. ही मुख्यतः कामासाठी येणाऱ्यांची हॉटेलं, म्हणून शनिवार-रविवारी बऱ्याचदा रेट उतरतो, तो जरूर तपासा. विमानं डोक्यावरून जातात, लहान मुलं तासभर खिडकीतच उभी राहतात. मरोळ नाक्याहून मेट्रो ३ थेट दक्षिण मुंबईत जाते, तरी दुपारी परत येणं जरा लांबच पडतं, म्हणून एक दिवस बाहेर आणि एक दिवस पूलवर असा बेत असेल तरच घ्या.

वाशी, ठाणे वगैरे: स्वतःच्या गाडीने येत असाल आणि पार्किंग हवं असेल तर ठीक. एरवी रोज येऊन-जाऊन दोन-अडीच तास प्रवासात जातात. पहिलं ठिकाण नॅशनल पार्क आणि कान्हेरी असेल तर एक रात्र बोरिवलीत काढली तरी चालेल.

३) खोलीचं भाडं आणि एकूण खर्च यात फरक असतो

ॲपवर दिसतो तो आकडा दोन माणसांचा. तुम्ही दोघं, दोन मुलं आणि आजी असाल तर समजा दादरला रूम ३,२०० ची, एक्स्ट्रा बेडचे ७००, झाले ३,९००, त्यावर ५ टक्के जीएसटी म्हणजे १९५, एकूण ४,०९५ रोजचे. तीन रात्रींचे १२,२८५. आता लांबची रूम रोज हजाराने स्वस्त पडली तरी पाच जण नियमाने एका काळी-पिवळीत बसत नाहीत, चारच बसतात, मग संध्याकाळी थकून परतताना दोन टॅक्स्या नाहीतर मोठी कॅब, दुपारचं जेवण रोज बाहेर एसी हॉटेलात कारण बसायला जागा हवी, आणि तो हजार कधी संपतो कळत नाही.

जीएसटीचं सांगायचं तर २२ सप्टेंबर २०२५ पासून रोजचं भाडं ७,५०० पर्यंतच्या खोलीला ५ टक्के लागतो, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे कोणी तुम्हाला तीन हजारच्या खोलीवर अजून जुनाच १२ टक्के जीएसटी लावून सांगत असेल तर विचारा.

ब्रेकफास्ट फ्री असं लिहिलेलं असलं तरी तो बहुतेक वेळा दोघांचाच असतो, मुलांचे वेगळे पैसे. दादर-गिरगावात असाल तर ब्रेकफास्टशिवायचा रेट घ्या आणि खाली उतरून मिसळ, पोहे, वडापाव खा, स्वस्तही पडतं आणि मुलं खूशही असतात.

४) फोटो बघताना खिडकी शोधा

जुन्या मुंबईतल्या बिल्डिंगमध्ये एका मोठ्या खोलीच्या दोन-तीन खोल्या केलेल्या असतात आणि आतल्या खोलीला खिडकीच नसते, किंवा असते ती डक्टमध्ये उघडते, बाहेर बघितलं की पाईप आणि कबुतरं. प्रत्येक फोटोत पडदा बंद दिसत असेल तर समजून जा. पावसाळ्यात अशा खोलीत ओले टॉवेल, ओल्या चपला आणि पाच माणसं म्हणजे दुसऱ्या दिवसापासून कुबट वास, मुलांना सर्दी.

हॉटेलवाल्यांचे फोटो सोडा, राहून गेलेल्यांनी टाकलेले बघा, त्यात बाथरूमचा फोटो असतोच. रिव्ह्यू नवीन आधी लावा आणि त्यात झुरळ, ढेकूण, लिफ्ट, गरम पाणी हे शब्द शोधा. "लोकेशन छान" असं चाळीस जणांनी लिहिलंय आणि खोलीबद्दल कोणीच काही बोलत नाही, तर खोली बरी नाही असं धरून चाला. खाली बार आहे का हेही मॅपवर बघा, रात्री उशिरापर्यंत आवाज वरच्या मजल्यांपर्यंत येतो.

मुलांना लोकल बघायची हौस असेल तर रुळांकडे उघडणारी खोली मागता येते, आमच्याकडे आलेल्या भाच्याने तर स्लो कुठली फास्ट कुठली हे खिडकीत बसूनच पाठ केलं होतं. फक्त शेवटची लोकल रात्री एकच्या आसपास जाते आणि पहिली चारच्या सुमारास सुरू होते, झोप सावध असणाऱ्यांनी विचार करावा.

५) फोन करा, प्लीज करा

ॲपवर कितीही माहिती असली तरी थेट फोन केल्याशिवाय बुक करू नका. हिंदी-मराठी काहीही चालतं. मी असं विचारते:

"दादा, आम्ही दोन मोठे, एक आजी, दोन मुलं, एक सात वर्षांचा एक चार वर्षांची. एकाच खोलीत चालेल का? एक्स्ट्रा बेड म्हणजे पलंग की खाली गादी?"

"गादी मिळेल ताई."

"मग आजी पलंगावर, आम्ही खाली, खाली टाकल्यावर बाथरूमला जायला वाट उरते का?"

हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा, समोरचा क्षणभर थांबला की खोली किती आहे ते कळतं. मग लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत, गरम पाणी दिवसभर की सकाळपुरतं, कमोड आहे का, खोलीला बाहेर उघडणारी खिडकी आहे का, ॲपवर जो रेट आहे तोच थेट घेतला तर किती, हे सगळं. थेट बुकिंगला बरेचदा काहीतरी कमी होतं किंवा निदान एक्स्ट्रा बेड सुटतो. पूल असेल तर लहान मुलांची वेळ कुठली आणि नायलॉनचा कॉश्च्युम-टोपी लागते का ते विचारा, कॉटनच्या कपड्यात सोडत नाहीत आणि मग मुलं काठावर रडत बसतात.

फोन नंबर कुठून घेताय ते मात्र बघा. सर्चमध्ये खोटे नंबर टाकून ॲडव्हान्स उकळणारे असतात, तेव्हा पूर्ण पैसे एखाद्या माणसाच्या वैयक्तिक खात्यावर पाठवू नका, अगदीच मागितले तर थोडे, किंवा ॲपवरून 'फ्री कॅन्सलेशन' असलेलं घ्या.

६) सकाळी पोचणार असाल तर

कोल्हापूरची महालक्ष्मी, नागपूरची विदर्भ, या गाड्या सकाळीच मुंबईत येतात आणि हॉटेलचं चेक-इन बारा किंवा दोनला. सहा तास सामान आणि मुलं घेऊन कुठे बसणार? म्हणून बुक करतानाच अर्ली चेक-इन मागा आणि मेसेजवर लिहून घ्या. तेही नाही म्हणाले तर सामान ठेवून फ्रेश होता येईल का विचारा. काही जुन्या लॉजमध्ये अजून चोवीस तासांचा चेक-आऊट चालतो, सकाळी सातला आलात तर दुसऱ्या दिवशी सातपर्यंत खोली तुमची, रात्रीच्या गाडीने येणाऱ्यांना हे फार सोयीचं. नाहीतर सीएसएमटीची रिटायरिंग रूम आयआरसीटीसीवर पीएनआर टाकून मिळते का बघा, आणि नुसतं सामानच ठेवायचं असेल तर क्लोक रूम आहे, बॅगेला कुलूप मात्र लागतं.

प्रत्येक मोठ्या माणसाचं पत्ता असलेलं ओळखपत्र घ्या, पॅन कार्डवर पत्ता नसल्याने ते बहुतेक ठिकाणी चालत नाही. ठाणे-कल्याणहून दोन दिवस मजेसाठी राहायला येणाऱ्यांनी 'लोकल आयडी' चालतो का हे आधीच विचारा, काही हॉटेलं मुंबई परिसरातला पत्ता असला की खोली देत नाहीत.

७) पोचल्यावर

पैसे भरायच्या आधी खोली बघायला मागा, यात लाजण्यासारखं काही नाही. एकाने खाली सामानाजवळ थांबायचं, एकाने वर जायचं, एसी सुरू करायचा, बाथरूमचा नळ आणि फ्लश चालवून बघायचा, चादर उचलून गादीच्या शिवणीत ढेकणाचे काळे डाग आहेत का बघायचं, दाराची आतली कडी लागते का बघायचं. काही खटकलं तर तिथेच शांतपणे दुसरी खोली मागा, रजिस्टरवर सही करायच्या आधी खोली बदलून मिळणं सोपं असतं, मुलांनी एकदा पलंगावर उड्या मारायला सुरुवात केली की मग कोणी हलत नाही.