बर्बन चाखा, लेबल झाकून

स्वस्तातल्या बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीची, आंधळी चाचणी घरी करताना एक गोष्ट हमखास विसरली जाते: अल्कोहोलचं प्रमाण. जिम बीम व्हाइट ४० टक्के, इव्हान विल्यम्स ब्लॅक ४३, वाइल्ड टर्की १०१ थेट ५०.५. न सांगता ओतलंत, तर जिभेला चटका देणारी कोणती हे कुणीही ओळखेल. म्हणून १५ मिली वाइल्ड टर्कीत अर्धा चमचा, म्हणजे अडीच मिली पाणी घाला. ती ४३ वर येते. जिम बीमला मात्र वर चढवता येत नाही, तेवढी सूट द्या.

ओतणारा वेगळा हवा, ग्लासच्या बुडाला आकडा चिकटवलेला. आणि एक बाटली गुपचूप दोनदा द्या. स्वतःला जाणकार म्हणवणारे तिथेच गडबडतात! बर्फ नको, शेव-चकली नंतर.