मसाल्याचे पाकीट : नजरेत भरावे कसे, लक्षात राहावे कसे

नजरेत भरणे आणि लक्षात राहणे ही दोन वेगळी कामे आहेत, आणि घरगुती उद्योगांतील बहुतेक पाकिटे त्यांपैकी पहिल्याच कामाचा विचार करून तयार केलेली असतात. गोडा मसाला किंवा कांदा-लसूण मसाला प्रथमच बाजारात आणणाऱ्या बचत गटाने अथवा कुटुंबाने पाकिटाचा विचार कोणत्या क्रमाने करावा, हे येथे मांडले आहे.

सुरुवात डिझायनरकडे न करता दुकानात करावी. जेथे माल ठेवायचा आहे तेथील मसाल्यांच्या फळीचे चार पावले मागे उभे राहून छायाचित्र घ्यावे. त्यात बहुधा लाल-केशरी पाकिटांची भिंतच दिसते : मिरच्यांचा ढीग, वाटीभर रस्सा, पिवळ्या अक्षरांतले नाव. तिखटपणा दाखवायचा म्हणून आपणही लालच रंग निवडला, तर आपले पाकीट त्या भिंतीतली आणखी एक वीट होते. एकसारख्या गोष्टींच्या यादीत वेगळी असलेली गोष्ट अधिक लक्षात राहते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हेडविग फॉन रेस्टॉर्फ यांनी १९३३ मध्ये प्रयोगांतून दाखवले होते. म्हणजेच कोणताही रंग मुळात उठावदार नसतो, तो शेजाऱ्यांमुळे उठून दिसतो. या वेगळेपणालाही अर्थात मर्यादा आहे. फिकट निळ्या पाकिटातला मसाला घाईतल्या ग्राहकाला धुण्याची पावडर वाटला, तर तो वेगळा दिसूनही विकला जाणार नाही. म्हणून पाकिटाचा आकार आणि पदार्थाची ओळख रूढ ठेवावी, आणि रंग किंवा चित्र यांपैकी एकच गोष्ट ठामपणे वेगळी करावी.

ही एक गोष्ट निवडताना एक कसोटी लावावी : तिचे वर्णन तोंडी करता येते का? आपल्याकडे अजूनही कितीतरी खरेदी वाण्याच्या गल्ल्यासमोर उभे राहून होते. पाकीट त्याच्या पाठीमागच्या फळीवर असते आणि ते ग्राहकाला मागून घ्यावे लागते. नाव आठवले नाही, तर ‘तो पितळी डब्याचे चित्र असलेला हिरवा पुडा द्या’ असे म्हणता आले पाहिजे. जात्याचे, खलबत्त्याचे किंवा डब्याचे एकच ठसठशीत चित्र हे काम करते. वेलबुट्टी, सूर्योदय, शेतकरी आणि भाजीची वाटी हे सारे एकत्र आले की सांगण्यासारखे काहीच उरत नाही. आजीचे छायाचित्र छापण्याचा मोह अनेकांना होतो, पण तोच मोह शेजारच्या चार उत्पादकांनाही झालेला असतो.

नावाच्या बाबतीत देवनागरीची स्वतःची गरज ओळखावी. शिरोरेषेमुळे दुरून पाहताना शब्द एका आडव्या पट्टीसारखा दिसतो, आणि त्याची ओळख वर-खाली येणाऱ्या वेलांट्या, उकार व मात्रा यांवरून पटते. अक्षरे मोठी करण्याच्या नादात ओळींमधली जागा कमी केली, तर नेमके तेच अवयव गुदमरतात. बारीक जोडाक्षरांच्या पोकळ्या स्वस्त छपाईत शाईने भरून जातात, तेव्हा नाव लहान आणि शक्यतो कमी जोडाक्षरांचे असावे. पाकीट भरल्यावर फुगते, त्यामुळे नक्षीची तपासणी कागदावर किंवा पडद्यावर न करता भरलेल्या नमुन्यावरच करावी.

कायद्याने आवश्यक असलेला मजकूर शेवटी कोंबू नये, त्याची जागा पहिल्या आराखड्यातच राखावी. शाकाहारी पदार्थाचे चिन्ह, म्हणजे हिरव्या चौकटीतले हिरवे वर्तुळ, दर्शनी भागावर नावाजवळ यावे लागते. निव्वळ वजन, किंमत, उत्पादकाचा पत्ता आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा (FSSAI) चौदा अंकी परवाना क्रमांक यांचीही सोय करावी लागते.

आता स्मरणाकडे वळू. ते एका भेटीत तयार होत नाही, तीच खूण पुन्हा पुन्हा त्याच जागी दिसल्याने तयार होते. पेप्सिको कंपनीने जानेवारी २००९ मध्ये अमेरिकेत ट्रॉपिकाना या संत्र्याच्या रसाचा खोका बदलला. नळी खोचलेले संत्रे काढून तेथे रसाचा पेला दाखवला आणि नावाची ठेवणही पालटली. आतला रस तोच होता, तरी दोन महिन्यांच्या आत विक्री सुमारे २० टक्क्यांनी घसरली आणि कंपनीला जुना खोका परत आणावा लागला. नवा खोका कुरूप मुळीच नव्हता, पण ग्राहकांची नजर ज्या खुणेवर थांबत असे ती खूणच नाहीशी झाली होती. आपल्या पाकिटाचा कंटाळा आधी आपल्याला येतो, कारण आपण ते रोज पाहतो. ग्राहक ते महिन्यातून एकदा पाहतो. दुसरा मसाला काढताना म्हणूनच चित्र आणि नावाची जागा तशीच ठेवून केवळ एका पट्टीचा रंग बदलावा.

छापील पाऊचच्या मोठ्या मागणीत प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र सिलिंडर, म्हणजे छपाईचा कोरीव रूळ, घडवावा लागतो आणि चूक महाग पडते. त्याआधी साध्या पाऊचवर स्टिकर लावून चाचणी घ्यावी. नमुना खऱ्या फळीवर ठेवून ओळखीच्या नसलेल्या दहा-बारा जणांना ती फळी पाच सेकंद दाखवावी आणि काय काय दिसले ते विचारावे. ही लक्ष वेधण्याची चाचणी झाली. दोन दिवसांनी त्यांनाच पाकिटाचे वर्णन करायला सांगावे, ही स्मरणाची चाचणी. ‘आवडले का?’ हा प्रश्न मात्र टाळावा, कारण त्याला सगळेच भिडेपोटी होकार देतात.

एक अडचण उरते. आपल्या घरांत मसाला आणला की बरणीत ओतला जातो आणि पाकीट केरात जाते. ज्या स्वयंपाकघरात खूण रोज दिसायची, तेथूनच ती पहिल्या दिवशी नाहीशी होते. त्यावर उपाय स्वस्त आहे : पाकिटाच्या मागे तेच चित्र, तेच नाव आणि पॅकिंगची तारीख लिहायला रिकामी ओळ असलेले, सहज निघणारे स्टिकर लावावे. ते बरणीवर चिकटवले की मसाला संपेपर्यंत डोळ्यांसमोर राहते, आणि संपताना दुकानात काय मागायचे तेही बरणीवरच वाचता येते.