ब्लॉगर संमेलनाला जाताना: खिशात पेन, आणि नोंद तिथल्या तिथे

ब्लॉगर संमेलनाची तारीख कळली की आपल्या नाशिककडचे बहुतेक जण आधी गाडीचा आणि कपड्यांचा विचार करतात. तो मागाहून करा. आधी एक चांगलं चालणारं बॉलपेन आणि मागची बाजू कोरी असलेली व्हिजिटिंग कार्डं यांची सोय लावा. दिवसभरात तीस-चाळीस माणसं भेटतात, दुसऱ्या दिवशी जेमतेम पाच-सहा नीट आठवतात. उरलेल्यांची कार्डं खिशात असतात, पण हे सिन्नरचे की संगमनेरचे आणि यांना आपण काय पाठवतो म्हणालो होतो, ते काही केल्या आठवत नाही. म्हणून ज्याच्याशी बोललात त्याची नोंद तिथल्या तिथे करायची. खाली सांगितलेलं बाकी काही राहिलं तरी चालेल, हे राहता कामा नये.

कार्डं चकचकीत किंवा लॅमिनेशनची घेऊ नका. त्यांवर बॉलपेन उमटत नाही आणि जेलपेनची शाई फासली जाते. ३०० जीएसएमचा, म्हणजे जाडसर, मॅट कागद, नेहमीचा साडेतीन बाय दोन इंचांचा आकार, शंभर कार्डं पुरे. छापणारा ‘मागेही डिझाइन टाकून देतो, पैसे तेवढेच’ म्हणेल. ठामपणे नको म्हणा. समोर नाव, ब्लॉगचा विषय एका ओळीत, ब्लॉगचा पत्ता, ई-मेल, व्हॉट्सअॅप नंबर. क्यूआर कोड टाकलात तर बाजू किमान दोन सेंटिमीटर आणि भोवती पांढरी जागा ठेवा. तो स्थिर प्रकारचाच, म्हणजे थेट ब्लॉग उघडणारा करा, कारण फुकट मिळणारे ‘डायनॅमिक’ (दुसऱ्या संकेतस्थळामार्फत उघडणारे) कोड मुदत संपली की बंद पडू शकतात आणि तोवर कार्डं वाटून झालेली असतात. छापलेला नमुना दोन वेगळ्या फोनवर तपासल्याशिवाय पुढची छपाई करू देऊ नका. कार्डावर ब्लॉगच्या मुखपृष्ठाचाच पत्ता द्या. लेखाच्या पत्त्यात देवनागरी असेल, तर तो कॉपी केल्यावर बऱ्याचदा एकेका अक्षराची आणि एकेका मात्रेची नऊ-नऊ चिन्हं होतात. असा पत्ता कुणी हाताने टाइप करणार नाही.

ब्लॉग दोन आठवडे आधी तपासा. घरच्या वायफायवर नाही, मोबाइल डेटावर, कारण समोरचा माणूस तुमच्यासमोर उभा राहून तसाच उघडणार आहे. डोमेनच्या, म्हणजे ब्लॉगच्या विकत घेतलेल्या पत्त्याच्या, नूतनीकरणाची तारीख बघा. संपर्क फॉर्ममधून स्वतःलाच एक निरोप पाठवा. असे निरोप सर्रास स्पॅममध्ये जातात. जुने लेख छपाईच्या डीटीपीच्या जुन्या, युनिकोड (सगळीकडे सारखंच दिसणारं अक्षर-मानक) नसलेल्या फॉन्टमधून चिकटवलेले असतील तर ते दुसऱ्याच्या फोनवर निरर्थक चिन्हं दाखवतात आणि गुगललाही सापडत नाहीत. ते सगळे आत्ता दुरुस्त होणार नाहीत. चांगले तीन लेख नीट करून वर आणा, तेवढं पुरेसं आहे.

ओळखीचं वाक्य पाठ पाहिजे. ‘मी ब्लॉग लिहितो’ यावर कुणी पुढे काय विचारणार? ‘निफाड-दिंडोरीकडच्या द्राक्षबागायतदारांसाठी एप्रिलच्या खरड छाटणीपासून माल निघेपर्यंत कामांचं वेळापत्रक लिहितो’ म्हटलं की प्रश्न आपोआप येतो. वक्त्याला विचारायचे प्रश्नही घरून लिहून न्या, आणि आकडे घेऊन. गुगलचं सर्च कन्सोल मागच्या १६ महिन्यांची माहिती दाखवतं: लेख शोधात किती वेळा दिसला (इम्प्रेशन), सरासरी कितव्या स्थानावर, आणि क्लिक किती. त्यातली तुमची वरची दहा पानं वहीत उतरवा. ‘वाचक कसे वाढवू?’ या प्रश्नाला साचेबद्ध उत्तर मिळतं. ‘हरिहर गडावरच्या लेखाला इम्प्रेशन भरपूर आहेत, सरासरी स्थान अकरा आहे, क्लिक जवळजवळ नाहीत, आधी शीर्षक बदलू की मजकूर वाढवू?’ असं विचारलं की वक्ता तुमच्या लेखाबद्दल बोलतो. आणि उत्तर मिळालं की खाली बसताच लिहा.

प्रवास. मुंबईत नोंदणी सकाळी नऊला असेल तर पंचवटी एक्स्प्रेसच्या भरवशावर राहू नका. ती मुंबईत पोचेपर्यंत दहा वाजून जातात, आणि पहिलं सत्र व त्याआधीचा चहा, म्हणजे ओळखींची सगळ्यात चांगली वेळ, हातची जाते. आदल्या संध्याकाळी निघा. सिडको किंवा गंगापूर रोडवरून नाशिकरोड स्टेशन गाठायला द्वारका चौकातली कोंडी धरून तासभर ठेवा. पुण्याला जाताना चाकणला अडकणार असं गृहीतच धरा. बस ठक्कर बाजारातून की महामार्ग स्थानकातून, ते तिकिटावर बघा. संमेलन नाशकातच असलं तरी अर्धा तास आधी पोचा. २०२७च्या सिंहस्थाच्या कामांमुळे रोजचा रस्ता उघडा असेलच असं नाही.

बॅगेत चार्जर, १०,००० एमएएचची पॉवर बँक, वही, पाणी, एसी सभागृहासाठी पातळ शाल. पेनं दोन. एक कुणीतरी मागून नेतं आणि मग नोंदी राहतात.

सभागृहात दुसऱ्या-तिसऱ्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसा. माइक तिथे लवकर येतो. दोन सत्रं एका वेळी असतील तर सोबत्याशी वाटून घ्या. प्रत्येक स्लाइडचा फोटो काढत बसू नका, ते फोटो नंतर उघडले जात नाहीत. सत्रातून घरी जाऊन करायच्या दोनच गोष्टी लिहा.

चहाच्या सुट्टीत नाशिककरांचाच घोळका करू नका, ते इथे कधीही भेटतील. एका माणसाशी पाच-सात मिनिटं बोला, कार्ड घ्या, दोन पावलं बाजूला व्हा आणि कार्डामागे तीन गोष्टी लिहा: कुठे भेटलो, विषय काय झाला, कबूल काय केलं. ‘जेवणाची रांग, होस्टिंग बदलायचंय, बॅकअपची लिंक द्यायची’ एवढं पुरे. कार्ड नसेल तर नंबर नुसत्या नावाने सेव्ह करू नका. नाव, गाव आणि विषय टाका, आणि समोर उभं असतानाच एक निरोप धाडा. ‘लक्षात राहील’ असं वाटलं तरी लिहा. जेवणानंतर लिहू म्हटलं की सकाळचे चेहरे आणि नावं एकमेकांत मिसळलेली असतात.

कंपनीचं कुणी भेटलं आणि लेखाच्या बदल्यात वस्तू देऊ केली तर तिथे होकार देऊ नका. अटी ई-मेलवर मागा. भारतीय जाहिरात मानक परिषदेच्या नियमांनुसार अशा मजकुरावर तो जाहिरात असल्याचं स्पष्ट लिहावं लागतं. एकाच कंपनीकडून वर्षात मिळालेल्या वस्तू २०,००० रुपयांवर गेल्या तर १० टक्के टीडीएसचा (देणाऱ्याने आधीच कापून भरायच्या कराचा) नियमही जुलै २०२२ पासून आहे. सीएला विचारा.

परतीच्या बसमध्ये झोपण्याआधी कार्डं एकदा बघून घ्या. दोन दिवसांत कबूल केलेल्या लिंक पाठवा, नुसता नमस्कार नको. संमेलनाच्या ग्रुपवर स्वतःचे लेख टाकत सुटू नका. ज्या कार्डामागे काहीच लिहिलेलं नाही, त्यांची ओळख ग्रुपवरच्या फोटोंतून लागते का बघा; नाही लागली तर सोडून द्या.